बाबांना दम लागतच नव्हता, कारण त्यांनी जिना चढणंच सोडलं होतं (हार्ट फेल्युअर, स्टेजेस, लवकर कसं ओळखायचं)

शेवग्याची_शेंग

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जमतंय. बाबा ७४, साताऱ्याला असतात, रिटायर्ड शिक्षक. बीपी पंधरा-सोळा वर्षांपासून, शुगर दहाएक वर्षं, दोन्ही गोळ्या वेळेवर. मी पुण्यात. जूनमध्ये रात्री अडीचला आईचा फोन, अगं हे उठून खिडकीशी बसलेत, आडवं व्हायलाच तयार नाहीत, पडलं की गुदमरतं म्हणतात. शेजारच्या काकांनी १०८ ला फोन केला म्हणून निभावलं. मी पोचेपर्यंत ऑक्सिजन लावलेला, फुफ्फुसात पाणी. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला तर खड्डा तसाच, कणकेच्या गोळ्यात बोट रुतवल्यासारखा. इकोत (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ३२. म्हणाले हार्ट फेल्युअर आहे, स्टेज सी. मी तिथेच खुर्चीत बसले, मला वाटलं हार्ट फेल म्हणजे संपलं सगळं. बंद पडलेलं नाही हो, पंप कमी पडतोय, असं त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पण धागा त्या रात्रीबद्दल नाहीये. घरी आल्यावर मी आणि आई मागचं वर्ष आठवत बसलो आणि लाज वाटायला लागली. बाबा रोज सकाळी चारभिंतीला चढून जायचे, ते बंद होऊन पोवई नाक्यापर्यंत जायला लागले, मग कॉलनीच्या गेटपर्यंत, कारण काय तर रस्त्यावर कुत्री फार झालीत. गच्चीवर वाळवणाला येणं बंद, ऊन फार. मंडईऐवजी कोपऱ्यावरचा भाजीवाला. नाडीचे बूट सोडून सरकवायच्या चपला घेतल्या, आता कळतंय की वाकून नाडी बांधताना कोंडल्यासारखं व्हायचं. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे, आम्ही प्रोस्टेट धरून बसलो. चार घासात पोट भरायचं, ती ॲसिडिटी. आडवं झालं की कोरडा खोकला, त्यावर एका डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा म्हणून पंप दिलेला, चार महिने ओढला. उशा एकाच्या दोन झाल्या आणि गणपतीनंतर तर आरामखुर्चीतच झोपायला लागले, आई म्हणायची टीव्ही बघता बघता डोळा लागतो त्यांचा.

आणि मी दर रविवारी फोनवर काय विचारायचे, बाबा दम वगैरे लागतो का? ते म्हणायचे छे, अजिबात नाही. खोटं बोलत नव्हते. दम लागेल असं काही करतच नव्हते ना.

तुमच्याकडे कुणाचं असं झालंय का? आणि त्या स्टेजेस कुणी नीट समजावेल का, डिस्चार्ज कार्डवर स्टेज सी पण आहे आणि क्लास तीन पण आहे.

घरकोंबडा

वाचून पोटात गोळा आला. आमची आई ७१, वजन जास्त, बीपी. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी इको केला, त्यात ईएफ ६० आणि खाली 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन'. डॉक्टर म्हणाले वयोमानाने असतं, पुढे काही नाही. मी ६० टक्के वाचून घाबरलो होतो, म्हणजे ४० टक्के हृदय बंद की काय. सध्या ती देवळात जाताना मधल्या कट्ट्यावर बसते पण तिथे तिच्या मैत्रिणी असतात म्हणून बसते असं म्हणते.

रात्रपाळी

मी एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या गावी काम करतो. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, समजावून सांगतो तेवढं घ्या.

आधी घरकोंबडा यांचं. ईएफ म्हणजे एका ठोक्याला डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती बाहेर फेकलं. कुणाचंच १०० नसतं. साधारण ५० च्या वर ठीक, ४० किंवा खाली म्हणजे पंप कमकुवत, मधले ४१ ते ४९ कुंपणावरचे. त्यामुळे ६० उत्तमच. पण (आणि हा पण मोठा आहे) ईएफ चांगलं असूनही हार्ट फेल्युअर होतं. पिळण्याची ताकद शाबूत, पण स्नायू कडक झालेला, सैल पडून भरून घेत नाही, मग मागे फुफ्फुसात दाब वाढतो. वयस्कर बायका, बीपी, शुगर, लठ्ठपणा, हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. रिपोर्टात ईएफ ६० बघून "हार्ट नॉर्मल आहे आजी, वय झालं" म्हणून घरी पाठवलेल्या किती आज्या नंतर माझ्याकडे सुजलेले पाय घेऊन येतात. उलट ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन (स्नायू सैल पडायला जरा कमी पडतो, एवढाच अर्थ) ही ओळ साठीनंतर निम्म्याहून जास्त रिपोर्टात दिसेल, तेवढ्यावरून रोग ठरत नाही. त्यामुळे रिपोर्ट बाजूला ठेवा आणि तो कट्टा बघा. मैत्रिणी नसतील त्या दिवशी बसते का?

आता स्टेज आणि क्लास. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, लोकांचा नेहमी घोळ होतो. क्लास जुना, न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनचा, १९२८ पासूनचा. आज किती करता येतं एवढंच तो सांगतो. एक म्हणजे काही त्रास नाही, दोन म्हणजे जिना चढताना वगैरे, तीन म्हणजे अंघोळ, कपडे घालणं यातही, चार म्हणजे बसल्या जागी. हा औषधांनी मागेपुढे होतो, तुमचे बाबा तीनवरून दोनवर येऊ शकतात, आले पण असतील.

स्टेज २००१ साली अमेरिकेतल्या दोन हृदयरोग संघटनांनी मांडल्या आणि त्या एकाच दिशेने जातात, सी वरून परत बी होत नाही, त्रास पूर्ण गेला तरी. ए म्हणजे हृदय अजून ठणठणीत पण बीपी, शुगर, लठ्ठपणा, ब्लॉकेजेस, किंवा कॅन्सरची काही औषधं घेतलेली, किंवा घरात कुणाला कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचाच आजार. बी म्हणजे लक्षण काहीच नाही पण आत बदल सुरू, भिंत जाड झाली, कप्पा मोठा झाला, झडप गळते, जुन्या अटॅकचा व्रण आहे, किंवा रक्तातला बीएनपी (हृदयावर ताण आला की वाढतो तो घटक) वाढलाय. सी म्हणजे लक्षणं आली, आत्ता आहेत किंवा पूर्वी कधी होती. डी म्हणजे सगळी औषधं चालू असूनही पुन्हा पुन्हा ॲडमिट. २०२२ च्या गाइडलाइनमध्ये बी ला सरळ 'प्री हार्ट फेल्युअर' म्हटलंय, प्रीडायबेटिस म्हणतो तसं.

खरी मेख बी मध्ये आहे. घरच्यांना दिसत नाही, पेशंटला जाणवत नाही, फक्त तपासणीत सापडते. आणि शेवग्याची_शेंग, तुमच्या बाबांसारख्यांना आपण बी मध्ये आहोत असं वाटतं पण ते कधीच सी मध्ये गेलेले असतात, फक्त आयुष्य एवढं आखडून घेतलेलं असतं की लक्षण बाहेर पडायला जागाच नसते. म्हणून मी ओपीडीत दम लागतो का हे विचारायचं सोडून दिलंय. मी विचारतो मागच्या दिवाळीत काय काय करत होता जे या दिवाळीत नाही केलं? आकाशकंदील कुणी लावला? बऱ्याचदा उत्तर सोबत आलेल्या सूनबाई देतात.

तिरकस_पेठकर

म्हणजे बीपी किंवा शुगर आहे तो प्रत्येक माणूस स्टेज ए. मग अर्धी पेठ हार्ट फेल्युअरची पेशंट झाली की. लॅबवाल्यांची दिवाळी.

रात्रपाळी

पेशंट नाही हो, धोक्यात. पण हो, अर्धी पेठ धोक्यात आहे हे खरंच आहे. म्हणून ए मध्ये करायचं तेही साधंच, बीपी ताब्यात ठेवायचं. त्यासाठी कुठल्याही लॅबची पायरी चढावी लागत नाही.

टेस्टबद्दल म्हणाल तर आयर्लंडमध्ये एक अभ्यास झाला, २०१३ ला छापून आला. चाळिशीपुढचे, बीपी-शुगर वगैरे असलेले १३७४ लोक. अर्ध्यांची वर्षातून एकदा बीएनपी टेस्ट करून ज्यांचा आकडा ५० च्या वर त्यांना इको आणि कार्डिओलॉजिस्ट, बाकीच्यांचं नेहमीसारखं. टेस्टवाल्या गटात पंप बिघडण्याचं आणि हार्ट फेल्युअरचं प्रमाण कमी निघालं. तेव्हा ज्यांना दहा-पंधरा वर्षं बीपी शुगर दोन्ही आहे त्यांनी एकदा डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही, गल्लीतल्या प्रत्येकाने रांग लावायची गरज नाही.

तिरकस_पेठकर

बरं. पटलं. (हे वाक्य मी वर्षातून दोनदाच लिहितो.)

एडिसनची_मावशी

आम्ही न्यूजर्सीत, सासूबाई नाशिकला एकट्या. फोनवर सगळे ठणठणीतच असतात! मी एक करते, व्हिडिओ कॉलवर म्हणते आई जरा गच्चीतली कृष्णकमळ दाखवा ना, फुललीय का. त्या फोन हातात घेऊन जिना चढतात आणि बोलत असतात. दोन वर्षांपूर्वी अख्खा जिना चढेपर्यंत शेजारणीची पूर्ण कहाणी सांगून व्हायची. या फेब्रुवारीत पाचव्या पायरीनंतर वाक्यं तुटायला लागली, मग गप्प, मग वर पोचल्यावर थांबून "हं, काय म्हणत होते मी". त्यावरून भाच्याला पाठवलं तपासायला. महाधमनीची झडप अरुंद निघाली. वेळेत कळलं म्हणायचं, झडप बदलायचं ठरतंय.

पांढरी_टोपी

नर्सिंगमध्ये २६ वर्षं, त्यातली ९ कार्डियाक वॉर्डात. घरच्या घरी करायचं ते लिहिते.

वजन. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यात, त्याच फरशीवर काटा ठेवून (सतरंजीवर काटा ठेवणारे खूप बघितलेत). तीन दिवसात दोन किलोच्या वर गेलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सूज दिसायच्या आधी काटा सांगतो.

पाय बघायचे पण सुजला पाय म्हणजे हार्टच असं नाही. बीपीची ॲम्लोडिपिन गोळी असते तिच्यानेही घोटे सुजतात आणि ती सूज पाण्याच्या गोळीने फारशी हटत नाही. व्हेरिकोज, किडनी, लिव्हर, थायरॉइड, कारणं भरपूर. आणि जे पेशंट झोपूनच असतात त्यांची सूज पायात नाही कमरेखाली मागे जमते, तिथे कुणी बघत नाही.

नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर. नुसती किती ते नको, लय बघा. घड्याळासारखी टिकटिक हवी. कशीही, कधीही, वेडीवाकडी पडत असेल तर ईसीजी करून घ्या.

गोळ्यांची पिशवी उलटी करा. गुडघेदुखीला आपल्याकडे मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन शेंगदाण्यासारख्या आणून खातात, त्या अंगात मीठ पाणी धरून ठेवतात, चांगला सेट झालेला पेशंट चार दिवसात परत वॉर्डात. शुगरची पायोग्लिटाझोन असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. गॅसवरची फसफसणारी पावडर पण सोडियमच.

मिठाबद्दल तर काय बोलू, भाजीत कमी घालतात आणि ताटात डावीकडे पापड, लोणचं, मिरचीचा ठेचा, सांडगी मिरची! आणि लो सोडियम मीठ परस्पर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, सोबत स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा किडनी नाजूक असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाची लयच बिघडते.

सोनचाफा

उपवासाला सैंधव चालतं ना? आमच्याकडे सासरे म्हणतात ते नैसर्गिक, त्याने काही होत नाही.

पांढरी_टोपी

देवाला चालतं, हृदयाला दोन्ही सारखीच. सैंधव पण सोडियम क्लोराइडच आहे हो.

रात्रपाळी

उपवासावरून आठवलं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी कडक उपवास, जुलाब, उलट्या असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवसांपुरती गोळी थांबवावी लागते. आषाढीनंतर दरवर्षी एकदोघं कोरडे पडून येतात.

वैद्य_नाही_पण

एवढ्या गोळ्यांपेक्षा अर्जुनाची साल दुधात उकळून घ्या. माझ्या मामांनी सगळ्या इंग्लिश गोळ्या बंद केल्या, आता मस्त फिरतात.

शेवग्याची_शेंग

तुमचे मामा बरे आहेत याचा आनंद आहे. पण आमच्या वॉर्डात शेजारच्या बेडवर जे आजोबा होते ते नेमके गोळ्या बंद करून आलेले, बरं वाटायला लागलं म्हणून. बरं वाटत होतं ते गोळ्यांनीच. त्यामुळे मी नाही करणार हा प्रयोग.

रात्रपाळी

धन्यवाद, मला लिहावं लागलं नाही. अर्जुनसाल घ्यायचीच असेल तर घेतोय हे डॉक्टरांना सांगा, आणि बाकी काही बंद करू नका. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या हातात कमी होतं. आता कमकुवत पंपाला चार जातीच्या गोळ्या आहेत, बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन किंवा तिची जुनी भावंडं, स्पायरोनोलॅक्टोन, आणि वर लिहिलेली शुगरची गोळी जी शुगर नसलेल्यांनाही देतात. चौघी मिळून आयुष्य वाढवतात. पाण्याची गोळी आयुष्य वाढवते असं सिद्ध नाही, ती आराम देते, पण पेशंटला तीच सगळ्यात आवडते कारण तिचा परिणाम तासाभरात बाथरूममध्ये दिसतो.

शेवग्याची_शेंग

खर्चाचं पण लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये, त्यामुळे आता दोन्हीच्या स्वस्त कंपन्या भरपूर आल्यात. आम्हाला आधी महागडा ब्रँड लिहून दिलेला, विचारल्यावर डॉक्टरांनी बदलून दिला. विचारायला लाजू नका.

कऱ्हाकाठ

एक वेगळं सांगतो, कारण आमची तीन वर्षं यातच गेली. मोठे काका, ७८. ६८ व्या वर्षी दोन्ही हातांच्या कार्पल टनेलचं (मनगटात नस दबून हाताला मुंग्या येतात ते) ऑपरेशन झालेलं. मग आयुष्यभराचं बीपी आपोआप कमी झालं, गोळी सुटली, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग दम, सूज. इकोत भिंती जाड, सगळे म्हणाले बीपीमुळे, पण ईसीजीची पट्टी बघून एका तरुण डॉक्टरणीने विचारलं की भिंत एवढी जाड तर पट्टीवर लाटा एवढ्याशा कशा? आणि मग विचारलं हाताला मुंग्या यायच्या का कधी? आम्ही चाट. ॲमिलॉइड निघाला, एक प्रकारचं प्रोटीन हृदयात साठत जातं, म्हाताऱ्या पुरुषांत जास्त. एक न्यूक्लियर स्कॅन आणि रक्त-लघवीच्या तपासण्या, एवढ्यात कळलं. हाताचं दुखणं हृदयाच्या कितीतरी वर्षं आधी येतं म्हणे. तर दोन्ही हातांचं कार्पल टनेल झालेले आजोबा घरात असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढंच.

रात्रपाळी

फार चांगलं लिहिलंत. बीपी आपोआप बरं होणं ही ज्येष्ठांमध्ये नेहमीच चांगली बातमी नसते.

तिरकस_पेठकर

स्टेज डी बद्दल कुणीच बोलेना. तिथे काय असतं, ट्रान्सप्लांट?

रात्रपाळी

असतं, पण वयाची आणि किडनी फुफ्फुसाची गणितं असतात, पंचाहत्तरीच्या माणसाला बहुतेक वेळा देत नाहीत. पंपाचं मशीन असतं, आपल्याकडे अफाट महाग. थोडं विषयांतर, देशातलं पहिलं हृदयरोपण आपल्या मुंबईत केईएमला झालेलं, फेब्रुवारी १९६८, डॉ. प्रफुल्ल कुमार सेन. बर्नार्डनी केपटाऊनला जगातलं पहिलं केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते! पेशंट काही तासच जगला. मग यशस्वी व्हायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये, त्याच वर्षी अवयवदानाचा कायदा झाला तेव्हा.

बाकी डी मध्ये पेशंटला काय हवंय हे विचारणं हेच मोठं काम असतं. परत आयसीयू हवंय का, घरी राहायचंय का. हे बोलणं आपल्याकडे अभद्र समजतात, मग शेवटी निर्णय अमेरिकेतला मुलगा व्हॉट्सॲपवर घेतो.

आणि वयाबद्दल एक. तिरुवनंतपुरमला २०१३ मध्ये एक रजिस्ट्री झाली, तिथल्या दवाखान्यांत हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेले १२०५ पेशंट, सरासरी वय ६१. पश्चिमेकडे हा सत्तरीनंतरचा आजार धरतात. त्यामुळे "बाबा फक्त साठचे आहेत" हे कारण आपल्याकडे चालत नाही.

घरकोंबडा

अपडेट. परवा आईला म्हटलं आज मी पण येतो देवळात. मैत्रिणी कट्ट्यावर नव्हत्या. बसली. मी विचारलं तर म्हणाली अरे तू आलास म्हणून बसले. मग मी पांढरी_टोपी ताईंनी सांगितलं तशी तिथेच नाडी धरली, एक दोन, मग थांबली, मग तीन पटापट. मला वाटलं माझीच बोटं चुकतायत. दुसऱ्या दिवशी ईसीजी, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडलेली. एनटी-प्रोबीएनपी (बीएनपीचंच भावंड) ११८०, डॉक्टर म्हणाले १२५ च्या वर गेला की लक्ष द्यायचं, पण वयाने आणि या बिघडलेल्या लयीनेही आकडा वाढतो, आणि जाड माणसात उलट फसवा कमी येतो, म्हणून एकट्या आकड्यावर जाणार नाही. इको परत केला, डावा वरचा कप्पा मोठा झालाय. मधल्या काळात दम लागायला लागला होता हे तिने डॉक्टरांपुढे कबूल केलं, माझ्यापुढे नाही. रक्त पातळ करायची गोळी सुरू, डापा सुरू, बीपीची बदलली. स्टेज सी म्हणाले. मी जरा आधी कट्टा बघायला हवा होता.

पांढरी_टोपी

आधी बघितलात. ॲडमिट न होता कळलं, आणि लकवा व्हायच्या आधी रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. फ्लूची लस यंदा देऊन टाका, न्यूमोनियाची पण विचारा.

शेवग्याची_शेंग

घरकोंबडा, आईंना सांभाळा, आणि कट्टा बंद करू नका तिचा, आमच्या डॉक्टरांनी तर चालणं वाढवायलाच सांगितलंय हळूहळू, दमून बोलता येईनासं होईल इतकं नाही.

आमच्याकडचं विचारलं होतंत काहीजणांनी. क्लास दोनवर आलेत, ईएफ परवाच्या इकोत ४१. दम्याचा पंप अलमारीत, परत एका उशीवर. वजन कालनिर्णयवर लिहितात, जिथे आई दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीख लिहिते त्याच चौकोनात, त्यामुळे भांडणं होतात. गेल्या आठवड्यात एका दिवशी ६१.२ चं ६२.३ झालं होतं आणि पुढे त्यांच्या सुवाच्य शिक्षकी अक्षरात लिहिलेलं, "काल मिसळ. दोन वेळा तर्री. आईला माहीत नाही." आईने वाचलंय.